मुक्कामाचा खर्च

फिरस्त्या फोटोग्राफरला भेटलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कॅमेरा कुठला वापरता?’ मग, ‘किती देश झाले?’ वर्तमानपत्राच्या कचेरीत ज्याने चार दिवस काढलेत त्याच्या मनात मात्र तिसराच प्रश्न येतो: मुक्कामाचे पैसे कोण देतं? जाण्यायेण्याचं तिकीट कुठून तरी निघतं. पण एखाद्या गावात नुसतं जाऊन राहायचं, पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीबाहेर काढायचा नाही, मागे लागलेली पोरं कंटाळून आपापल्या खेळाला परत जाईपर्यंत थांबायचं, याचं व्हाउचर कुठलाच लेखा विभाग पास करत नाही.

फोटोग्राफर सेबास्तिआओ साल्गादो 23 मे 2025 रोजी पॅरिसमध्ये वारला. वय 81. त्याच्या फोटोंतला काळापांढरा प्रकाश, ढगांआडून उतरणारे किरण, माणसांच्या अंगावरचा चिखल यांबद्दल जगभर भरपूर लिहून आलं आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र त्याच्या कामातलं सगळ्यात मोठं नवल वाटत आलंय ते त्याला मिळालेल्या सवडीचं. अंगमेहनतीच्या कामांवरचं पुस्तक, सहाएक वर्षं. स्थलांतरितांवरचं पुस्तक, तेवढीच. त्यानंतरचं निसर्गावरचं ‘जेनेसिस’, आठ. एवढी सवड त्याला कुणी बक्षीस दिली नव्हती. ती त्याने जमवली, विकत घेतली, कधी कधी नको त्या गिऱ्हाइकाकडूनही घेतली. मूळचा अर्थशास्त्रज्ञ होता तो. जमाखर्च त्याला कळत होता.

त्या हिशेबातली सर्वांत चमत्कारिक जमेची नोंद 30 मार्च 1981 ची आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुरवणी-मासिकासाठी रेगन यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या शंभर दिवसांचे फोटो काढायला तो वॉशिंग्टनला आलेला. कंटाळवाणं काम, राष्ट्राध्यक्ष गाडीत बसणार, हात हलवणार, संपलं. त्या दुपारी हिल्टन हॉटेलच्या बाहेर जॉन हिंकली नावाच्या माणसाने रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. साठ सेकंदांत साल्गादोने 76 फ्रेम टिपल्या, असं सांगितलं जातं. ते फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांनी विकत घेतले आणि त्या पैशांतून तो आफ्रिकेला गेला, स्वतःच्या मनातल्या कामासाठी. एका मिनिटाच्या गोंधळाने महिन्यांची शांतता विकत घेतली. ज्या फोटोंनी त्याला मोकळं केलं ते त्याच्या थाटाचे मुळीच नव्हते. कुणीही चपळ वार्ताछायाचित्रकार काढेल तसेच होते.

तो जन्मला 8 फेब्रुवारी 1944 ला, ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात, रिओ दोसी नदीकाठच्या ऐमोरेस गावाजवळ. वडिलांची गुरांची वाडी होती. शिकला अर्थशास्त्र. 1969 मध्ये लष्करी राजवटीला कंटाळून नवराबायको पॅरिसला आले. मग लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी. पगार उत्तम. कॉफीच्या मळ्यांचे अहवाल तयार करायला तो आफ्रिकेत जायचा, आणि जाताना बायकोचा कॅमेरा न्यायचा.

हो, कॅमेरा बायकोचाच. लेलिया वानिक वास्तुशास्त्र शिकत होती, इमारतींचे फोटो काढायला तिने 1970 च्या सुमारास एक पेंटॅक्स घेतला. नवऱ्याने तो हातात घेतला आणि परत काही केला नाही. आफ्रिकेतून आल्यावर अहवाल लिहायला बसलं की त्याचं लक्ष फोटोंकडे जायचं. 1973 मध्ये त्याने नोकरी सोडली. तिशीच्या उंबरठ्यावर, पदरी काही नसताना, परक्या देशात. आपल्याकडे अशा मुलाला घरच्यांनी काय ऐकवलं असतं ते वेगळं सांगायला नको.

लेलियाबद्दल लिहिताना बहुतेकजण ‘खंबीरपणे पाठीशी उभी राहिली’ या एका वाक्यावर मोकळे होतात. ते वाक्य मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. विषय ठरवताना ती होती. पुस्तकांची रचना तिने केली. प्रदर्शनं तिने मांडली. साल्गादो 1979 पासून मॅग्नम या छायाचित्रकारांच्या मातब्बर संस्थेत होता; 1994 मध्ये तिथून बाहेर पडल्यावर दोघांनी पॅरिसमध्ये स्वतःची ‘अमेझोनास इमेजेस’ ही संस्था काढली. या संस्थेचा फोटोग्राफर एकच, साल्गादो. बाकी सगळी माणसं त्याचे फोटो धुणं, छापणं, लावणं, विकणं यासाठी. म्हणजे जो गडी महिनोन् महिने बाहेर आहे त्याच्यासाठी अख्खं दुकान चालवणारी मालकीण पॅरिसमध्ये बसलेली होती. घरात दोन मुलगे. धाकटा रोद्रिगो 1979 चा, डाउन सिंड्रोम असलेला. थोरला जुलियानो मोठा होऊन चित्रपट दिग्दर्शक झाला आणि त्याने विम वेंडर्सबरोबर बापावर ‘द सॉल्ट ऑफ द अर्थ’ (2014) हा माहितीपट केला. ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो गेला. पण मला तो आवडतो तो त्यातल्या एका प्रसंगासाठी.

सैबेरियाच्या उत्तरेला, रँगल बेटावर बापलेक वॉलरसचे फोटो काढायला गेलेत. बघायला आलेल्या माणसाची चाहूल लागली की ही जनावरं पाण्यात उतरतात, म्हणून दगडगोट्यांतून अंग घासत पुढे सरकायचं. एवढ्यात पांढरं अस्वल येतं. वॉलरस गायब. दोघे लाकडी खोपटात अडकतात. अस्वल दारापर्यंत आलेलं, जुलियानो साहजिकच उत्तेजित, आणि म्हातारा कुरकुरतोय की मागची पार्श्वभूमी चांगली नाही, या अस्वलाची फ्रेम होत नाही. दुसरा कुणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. अस्वल तर अस्वल! याला मात्र नुसता पुरावा नको होता.

थांबण्याची ही सवय साहेलच्या दुष्काळात पक्की झाली. 1984-85 मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेबरोबर तो इथिओपिया, सुदान, चाड, माली या भागांत सुमारे पंधरा महिने वावरला. छावण्यांत राहायचं, डॉक्टरांच्या गाडीतून जायचं, परत यायचं. दुष्काळाच्या बातमीला आलेला पत्रकार दोन दिवसांत विमान पकडतो. दोन दिवसांत भूक दिसते, भुकेल्या माणसाची पोरावर पांघरूण घालायची पद्धत दिसत नाही. त्या कामाचं पुस्तक फ्रान्समध्ये 1986 मध्ये निघालं. अमेरिकेत ते यायला 2004 साल उजाडावं लागलं. इतके उपाशी लोक बघायला गिऱ्हाईक मिळेल असं तिकडच्या प्रकाशकांना वाटलं नसावं, हा आपला माझा तर्क.

1986 मध्ये तो सेरा पेलादाला गेला. ब्राझीलच्या पारा प्रांतातली उघडी सोन्याची खाण. प्रचंड खड्डा, त्यात सुमारे पन्नास हजार माणसं, यंत्र जवळजवळ नाही. चिखलाची पोती पाठीवर घेऊन लाकडी शिड्यांवरून वर, रिकामी पोती घेऊन खाली. हे फोटो पाहून लोकांना पिरॅमिड बांधणारे गुलाम आठवतात. साल्गादोचं म्हणणं उलटं होतं: यातला कुणीही गुलाम नाही, गुलामी असलीच तर श्रीमंत व्हायच्या इच्छेची आहे. एखाद्या तुकड्यात सोन्याची शीर लागली की ओझेवाल्यांना आपण वर आणलेल्या पोत्यांतलं एक पोतं निवडायचा हक्क मिळे. त्यात सोनं निघेल, नाहीतर माती. पन्नास हजार लोक रोज ही सोडत खेळत होते, आणि त्यांत शेतमजूर होते तसे शिकलेलेही होते. ही रीत टिपायला नुसता डोळा पुरत नाही, कोण कुणाला किती देतं हे विचारावं लागतं. कॉफीचे अहवाल लिहिलेला माणूस ते विचारणारच.

पुढे सेरा पेलादा हे ‘वर्कर्स’ (1993) या पुस्तकातलं एक प्रकरण झालं. हाताने होणारी कामं जगातून संपत चालली आहेत, त्याआधी त्यांची नोंद करायची हा बेत. त्यात क्यूबाचा ऊस आहे, सिसिलीची मासेमारी आहे, इंडोनेशियातल्या ज्वालामुखीच्या तोंडातून गंधक वाहणारे हमाल आहेत, चितगावला जहाजं फोडणारे आहेत, राजस्थान कालव्यावरच्या बाया आहेत, धनबादचे कोळसा कामगार आहेत. 1991 मध्ये कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरी विझवणाऱ्यांबरोबर तो होता. तिथल्या आवाजाने त्याच्या कानांची ऐकण्याची ताकद कायमची कमी झाली, उष्णतेने एक लेन्स वाकडी झाली. लेन्स दुसरी मिळते. कानाची नोंद खर्चाच्या बाजूलाच करायची.

आणि मग तो मुंबईला आला, 1995 मध्ये. खेड्यातून शहराकडे, देशातून देशाकडे निघालेल्या माणसांवरचं काम चाललं होतं. ‘एक्झोडस’ नावाने ते 2000 मध्ये पुस्तकरूपात आलं. मनिला, जकार्ता, कैरो, शांघाय, साव पावलो आणि आपलं चर्चगेट.

चर्चगेटचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असण्याची शक्यता आहे. उंचावरून घेतलेला. दोन बाजूंना लोकल उभ्या, डबे अगदी स्पष्ट. मधल्या फलाटावर माणसं, पण माणूस म्हणून एकही हाती लागत नाही. उतू जाणाऱ्या दुधासारखी ती गर्दी दोन गाड्यांच्या मधून सांडत पुढे आलेली आहे. युक्ती अवघड नाही. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की थांबलेलं ठाशीव येतं आणि हलणारं विरघळतं. गाडी थांबलेली, माणूस हलता. अवघड होतं ते हे ओळखणं की या शहरात ठाम उभी असते ती गाडी, आणि वाहून जातो तो प्रवासी. विरारहून रोज उतरणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको. तिथे थांबून पाहायचं म्हटलं तर मागचा खांदा थांबू देत नाही.

याच मुंबईतला दुसरा फोटो मला जास्त वेळ धरून ठेवतो, तो माहीमच्या झोपडपट्टीतला. पिण्याच्या पाण्याचे अजस्र नळ वस्तीच्या मधून गेलेत. माणसं त्या नळांवरूनच रस्ता असल्यासारखी चालताहेत. नळांतलं पाणी शहराच्या सुखवस्तू भागांकडे निघालेलं आहे. पायाखालून पाणी जातंय आणि घरात नाही, हे वाक्य एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने दहा पानांत मांडलं असतं. साल्गादोने ते एका चौकटीत मांडलं. चर्चगेटचा फोटो गाजला, कारण तो देखणा आहे. माहीमचा फोटो हिशेब मागतो.

देखणेपणाचा हा आरोप त्याच्यावर आयुष्यभर होत राहिला. 1991 मध्ये इन्ग्रिड सिशी या समीक्षकबाईंनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याला चांगलंच झोडपलं. मुद्दा असा की, दुःखाला इतकं सुंदर केलं की बघणारा फोटोचं कौतुक करून घरी जातो. मला हा आरोप पटत नाही. गरीब माणसाचा फोटो वाईट प्रकाशात, वाकडा काढला म्हणजे त्याच्यावर उपकार होतात असं मानण्याचं कारण नाही. पैसेवाल्यांच्या लग्नात आपण फोटोग्राफरला उजेड नीट बघायला सांगतोच की.

लेखिका सुसान सोंटॅगचा आक्षेप वेगळा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. 2003 च्या पुस्तकात तिने बोट ठेवलं ते नावांवर. प्रसिद्ध माणसाच्या फोटोखाली त्याचं नाव असतं. साल्गादोच्या फोटोंतल्या दुबळ्या माणसांना नाव नाही, ते आपल्या धंद्याचे, जातीजमातीचे, हालअपेष्टांचे नमुने होऊन राहतात. शिवाय युद्धातून पळालेला, दुष्काळातून आलेला, पोटासाठी शहरात शिरलेला, सगळ्यांना ‘स्थलांतर’ या एकाच पाटीखाली उभं केलं की कुणाच्याच दुःखाला जबाबदार माणूस सापडत नाही. ‘वर्कर्स’ हातात घेतलं की तिचं म्हणणं लगेच कळतं. फोटो पानभर, आणि त्यांची माहिती वेगळ्या पातळ पुस्तिकेत. ही पुस्तिका उघडण्याची तसदी किती जण घेत असतील? चर्चगेटला नाव नसणं हाच विषय आहे, तिथे चालतं. साहेलमधल्या आईचं नाव विचारायला मात्र पंधरा महिन्यांत सवड होती. ज्याने मुक्काम एवढ्या कष्टाने मिळवला त्याच्याकडून ही अपेक्षा जास्तच करायला हवी.

गंमत म्हणजे उतारवयात त्याने ते केलं. ‘अमेझोनिया’ (2021) या पुस्तकात जंगलातल्या आदिवासी समाजांमधल्या माणसांच्या फोटोंखाली त्यांची नावं आहेत. सोंटॅगबाई ते बघायला हयात नव्हत्या.

आता कामाच्या रीतीबद्दल थोडं. फोटोग्राफीचा धंदा ज्यांच्या घरात आहे त्यांना यात रस वाटेल, बाकीच्यांनी हा भाग ओलांडला तरी चालेल. ‘जेनेसिस’ 2004 मध्ये गॅलापागोस बेटांवर सुरू झालं. तिथल्या महाकाय कासवाचा फोटो काढताना ते सारखं तोंड फिरवून निघून जाई. मग साल्गादो गुडघ्यांवर आणि तळव्यांवर आला, कासवाच्या उंचीचा झाला, त्याच्या चालीने चालला, ते थांबलं की थोडा मागे सरकला. दिवस त्यात गेला. कासवाला पटलं. हे करताना त्याने साठी गाठलेली होती. उत्तर इथिओपियाच्या डोंगरांतून तो सुमारे 850 किलोमीटर पायी गेला, सामान गाढवांवर.

पण त्याला खरा छळला तो विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राने. 2001 च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर तपासणी कडक झाली. शेकडो रोल बरोबर, आणि दुर्गम जागी पोचायचं तर विमानं तीन-चार बदलायची. प्रत्येक यंत्रातून गेलेली फिल्म थोडी थोडी मरत जाते. करड्या रंगाच्या छटा बिघडत जातात, आणि याचं तर सगळं भांडवल त्या करड्यातच. दर विमानतळावर अधिकाऱ्यांशी हुज्जत. अखेर 2008 मध्ये तो डिजिटल कॅमेऱ्याकडे वळला. वळला म्हणजे निम्माच. संगणकावर फोटो निवडणं त्याला जमेना. मग पॅरिसमध्ये त्या डिजिटल फोटोंच्याही कागदी काँटॅक्ट शीट काढल्या जायच्या, आणि हा पूर्वीसारखाच डोळ्याला भिंग लावून निवडायचा. निवडलेल्या फोटोंची फिल्मवर मोठी निगेटिव्ह करून त्यावरून डार्करूममध्ये प्रिंट. मधला टप्पा बदलला, दोन्ही टोकं जुनीच. प्रवासात कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो न पाहणाऱ्याच्या हाती एक गोष्ट राहते: आज काय मिळालं हे त्याला कळलेलं नसतं, म्हणून तो उद्या परत जातो. पडद्यावर ‘मिळाला’ असं दिसलं की आपण सामान आवरायला घेतो. मुक्काम लहान झालेत त्याला पैशाइतकाच हा पडदाही कारण आहे.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम रवांडाची. 1994 चा नरसंहार, त्यानंतरच्या निर्वासितांच्या छावण्या, पटकीने रोज पडणारी प्रेतं, ती उचलणारी यंत्रं. तो परत आला तेव्हा शरीर बंड करून उठलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की रोग असा काही नाही, पण हे थांबवलं नाहीस तर मरशील. तो ब्राझीलला वडिलांच्या वाडीवर गेला. तीही मेल्यासारखीच होती. जंगल तुटलेलं, माती वाहून गेलेली, झरे आटलेले. तिथे झाडं लावायची कल्पना लेलियाची. 1998 मध्ये ‘इन्स्टिट्यूटो तेरा’ ही संस्था निघाली. आजवर तिथे वीस लाखांहून जास्त झाडं लागली. पाणी परत आलं, पक्षी आले.

ही गोष्ट आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरते, नवराबायकोने जंगल उभं केलं म्हणून. तिच्यातलं एक कलम फिरत नाही. ‘जेनेसिस’च्या प्रदर्शनांना आणि या वनीकरणाला पैसे देणाऱ्यांत ‘वाले’ ही ब्राझीलची अवाढव्य खाण कंपनी होती. 5 नोव्हेंबर 2015 ला मारियाना इथे खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, 19 माणसं गेली आणि तो गाळ रिओ दोसीतून थेट समुद्रापर्यंत वाहिला, वाटेत ऐमोरेसलाही. ज्या कंपनीचं ते धरण होतं तिच्या दोन मालकांपैकी एक ‘वाले’. साल्गादोच्या गावची नदी, साल्गादोचा आश्रयदाता. टीकाकारांनी त्याला धारेवर धरलं ते योग्यच. मात्र जो म्हणेल की त्याने पैसे घ्यायला नको होते, त्याने बिनडागाचा पैसा लाखो झाडांना पुरेल एवढा कुठे मिळतो तेही सांगावं. कॉफीच्या मळ्यांचे फोटो त्याने इल्ली या इटालियन कॉफी कंपनीसाठी काढले, त्यात भारतही आहे. ज्या पिकाची नोकरी सोडली, त्याच पिकाने पुन्हा तिकीट काढून दिलं.

2010 मध्ये ‘जेनेसिस’च्या कामात इंडोनेशियात त्याला मलेरिया झाला. त्यातून पंधरा वर्षांनी रक्ताचा कर्करोग झाला आणि तो त्यातच गेला, असं कुटुंबाने कळवलं.

आपल्या बाजूला असं काम कुणी करत नाही असं नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राहून जे फोटो काढले, ते गटारात उतरणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर आणि वारीबरोबर हिंडले. नोकरी, रजा, उधारी यांतून अशी कामं होतात. वर्तमानपत्रांनी आता बाहेरगावी फोटोग्राफर पाठवणं जवळजवळ सोडलंय. तालुक्याचा वार्ताहर मोबाइलवर फोटो धाडतो, तो छापतो.

म्हणून आज रेगनऐवजी लग्न आहे. मेळघाटात, गडचिरोलीत, दुष्काळी माणदेशात स्वतःचं काम करणारे कितीतरी तरुण फोटोग्राफर लग्नसराईवर वर्षभराचं पेट्रोल काढतात. हळद, सीमंतपूजन, प्री-वेडिंग, ड्रोन, सगळं करतात आणि उत्तम करतात. तुळशीचं लग्न तोंडावर आलं की त्यांच्या तारखा भरत येतात. तुमच्याकडे कार्य असेल आणि त्यांच्यातल्या कुणाला बोलावलंत, तर आगाऊ रक्कम वेळेवर द्या, आणि उरलेली अल्बम हातात पडेपर्यंत अडवून धरू नका.